उलटी थांबली तरी कुत्र्याच्या मूत्रपिंडांचा धोका टळलेला नसतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाळीव कुत्र्यांचा आहार, लसीकरण आणि शिस्त यांविषयी वृत्तपत्रांतून अलीकडे बरेच छापून येते आणि वाचकांना त्याचा उपयोगही होतो. मात्र ज्या आजारात एका दिवसाच्या विलंबाने जनावर हातचे जाते, त्या मूत्रपिंडांच्या अचानक निकामी होण्याविषयी फारच थोडे लिहिले जाते. पशुवैद्यक म्हणून काम करताना हा आजार माझ्यासमोर वारंवार येतो. अशा कुत्र्याच्या घरच्यांनी त्याची हेळसांड केलेली असते असे सहसा आढळत नाही. कुत्र्याला उलट्या झाल्या, मग त्या थांबल्या, तो थोडा सावरल्यासारखा वाटला, म्हणून त्यांनी वाट पाहिलेली असते आणि नेमक्या त्याच काळात उपचारांची सर्वांत चांगली संधी निघून गेलेली असते. या एका गैरसमजाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मूत्रपिंडांना इजा इतक्या लवकर का होते, हे आधी समजून घ्यायला हवे. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. कुत्र्याच्या प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे ४ लाख सूक्ष्म घटक असतात आणि गाळलेल्या द्रवातून शरीराला हवे असलेले पाणी व क्षार परत शोषून घेण्याचे काम त्यांना जोडलेल्या नलिका अखंड करीत असतात. रक्ताचा एवढा मोठा ओघ तिकडे जात असल्यामुळे रक्तात शिरलेले विषही तिकडेच अधिक प्रमाणात पोहोचते आणि पाणी शोषले गेल्यावर त्या नलिकांमध्ये त्याची तीव्रता वाढत जाते. नलिकांच्या पेशींना प्राणवायूही भरपूर लागतो. त्यामुळे रक्तदाब काही काळ घसरला, उष्माघात झाला, मोठा रक्तस्राव झाला किंवा जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले, तर त्या पेशी इतर अनेक अवयवांच्या आधी मरू लागतात. म्हणूनच या आजाराचे मूळ प्रत्येक वेळी मूत्रपिंडातच असते असे नाही. कधी रक्तपुरवठा कमी पडतो, कधी विष किंवा जंतू मूत्रपिंडाला थेट इजा करतात, तर कधी तयार झालेली लघवी बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

यातली सर्वांत फसवी बाब अशी, की मूत्रपिंडांची इजा आणि रक्ततपासणीत दिसणारा बिघाड यांत वेळेचे मोठे अंतर असते. किडनीची तपासणी म्हणून आपण रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे एरवी गाळून बाहेर टाकतात ते एक टाकाऊ द्रव्य, मोजतो. परंतु दोन्ही मूत्रपिंडांची मिळून सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेल्याशिवाय हा आकडा सहसा नेहमीच्या मर्यादेबाहेर जात नाही. विषबाधेनंतर तो चढायला एक ते तीन दिवस लागू शकतात. एसडीएमए नावाची नवी चाचणी त्याच्या बरीच आधी इशारा देते, तरी तीसुद्धा विष पोटात गेल्याबरोबर काही सांगू शकत नाही. त्यामुळे ‘काल रक्त तपासले, सगळे नॉर्मल होते’ हे वाक्य ऐकले, की माझी काळजी कमी होत नाही. काल नॉर्मल असलेली तपासणी आज पुन्हा करावी लागते आणि उद्याही करावी लागते. क्रिएटिनिन ४८ तासांत दर डेसिलिटर रक्तामागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले, तर तो आकडा नॉर्मल मर्यादेच्या आत असला तरी मूत्रपिंडाला इजा झाल्याचे मानावे, असे इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी ही पशुवैद्यकांची संस्था सांगते. याचाच अर्थ एका सुट्या आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक बोलकी असते. कुत्रा धडधाकट असतानाचा एखादा रक्ताचा अहवाल घरात जपून ठेवलेला असेल, तर आजारपणाच्या पहिल्याच दिवशी तुलनेसाठी तो फार मोलाचा ठरतो.

मधल्या काळात कुत्रा बरा दिसतो म्हणजे नेमके काय होते, हे इथिलीन ग्लायकॉलच्या उदाहरणावरून नीट कळते. वाहनाच्या रेडिएटरमध्ये घातल्या जाणाऱ्या अनेक कूलंट आणि अँटिफ्रीझ द्रवांमध्ये हे रसायन असते. त्याची चव गोड असल्यामुळे गळून साचलेला द्रव कुत्रा आवडीने चाटतो. पहिल्या काही तासांत तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, ओकतो आणि पाणी फार पितो. त्यानंतर ही धुंदी उतरते, चाल सुधारते आणि घरच्यांना वाटते, की जे काही होते ते निभावले. प्रत्यक्षात त्याच वेळी यकृतात त्या रसायनाचे रूपांतर अधिक घातक आम्लांमध्ये होत असते आणि मूत्रपिंडांच्या नलिकांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचत असतात. साधारण ३६ ते ७२ तासांच्या दरम्यान लघवी बंद होते. या विषावर फोमेपिझोल नावाचा उतारा आहे. परंतु तो यकृतातले हे रूपांतर रोखतो, झालेली इजा भरून काढीत नाही. त्यामुळे कुत्र्याला तो पहिल्या आठ ते बारा तासांत मिळाला तरच त्यावर भरवसा ठेवता येतो. उताऱ्याची ही सगळी मुदत कुत्रा झोकांड्या खात असतानाच आणि त्यानंतर बरा वाटत असतानाच्या तासांत संपून जाते. मूत्रपिंडे बंद पडल्यावर आलेल्या अशा कुत्र्याला वाचवणे फार कठीण असते.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांच्या बाबतीतही क्रम असाच आहे. बहुतेक कुत्र्यांना पहिल्या २४ तासांत उलट्या होतात, खाल्लेल्यातले काही बाहेर पडते, कुत्रा शांत होतो आणि मूत्रपिंडांचा बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत उघड होतो. किती द्राक्षे खाल्ल्यावर धोका होतो, याचे विश्वासार्ह प्रमाण सांगता येत नाही, कारण काही कुत्र्यांना मूठभर खाऊनही काही होत नाही आणि काहींना थोड्याच खाऊन जिवावर बेतते. याचे कारण बरीच वर्षे कोडेच होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील प्राणी-विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. द्राक्षांत या आम्लाचे प्रमाण जात, पिकण्याची अवस्था आणि हवामान यांनुसार बदलते आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणे जड जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढे क्रीम ऑफ टार्टर (केक-बिस्किटांत वापरतात ती टार्टारिक आम्लापासूनची पूड) आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही असाच बिघाड झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. चिंचेचा हा धोका अजून फारच थोड्यांच्या कानावर गेला आहे, म्हणून तो येथे मुद्दाम सांगते. ‘आमचा कुत्रा आजवर खात आला, त्याला कधी काही झाले नाही’ हा दाखला या बाबतीत कामाचा नाही, कारण पुढचा घड मागच्यासारखाच असेल याची खात्री कोणालाही देता येत नाही.

ड जीवनसत्त्वाचे विष तर आणखीनच गुपचूप काम करते. उंदीर मारण्याच्या काही औषधांत ते कोलेकॅल्सिफेरॉलच्या रूपात असते, तर सोरायसिससारख्या त्वचारोगासाठी माणसे लावतात त्या काही मलमांत त्याच्याशी मिळतेजुळते द्रव्य असते. कुत्र्याने मलमाची नळी चघळली, तर रक्तातले कॅल्शियम एक ते तीन दिवसांत चढते आणि मूत्रपिंडांत साचून त्यांचे काम बंद पाडते. पहिल्या दिवशी कुत्र्यात फारसा फरक दिसतच नाही. मलमाची नळी कुरतडलेली सापडली आणि कुत्रा शेजारी खेळत असला, तरी डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करावा.

आता वेदनाशामक गोळ्यांविषयी, कारण येथे विष अपघाताने पोटात जात नाही, आपणच मायेपोटी ते देतो. कुत्रा लंगडतो किंवा कण्हतो, म्हणून घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा नॅप्रोक्सेनची गोळी त्याला दिली जाते. रक्तदाब घसरला तरी मूत्रपिंडांकडे रक्त पोहोचत राहावे, म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते आणि या गोळ्या नेमकी तीच तयार होऊ देत नाहीत. शिवाय या गोळ्या कुत्र्याच्या शरीरातून माणसाच्या मानाने हळू बाहेर पडतात आणि जठरात व्रणही करतात. त्यातच कुत्रा जुलाबांनी कोरडा पडलेला असेल, त्याला लघवी वाढवणारे औषध चालू असेल किंवा त्याचे वय झालेले असेल, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. कुत्र्यांसाठी खास बनवलेली वेदनाशामके उपलब्ध आहेत आणि ती उपयुक्तही आहेत. पण तीसुद्धा कुत्र्याने खाणेपिणे सोडले असेल किंवा त्याला उलट्या होत असतील, तर डॉक्टरांना विचारेपर्यंत बंद ठेवावीत. हे बंधन औषधाच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून द्यावे, अशी माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना कळकळीची विनंती आहे. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी काही प्रतिजैविकेही मूत्रपिंडांना इजा करू शकतात, म्हणून ती चालू असताना लघवीची तपासणी मधूनमधून होत आहे ना, हे विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे.

संसर्गांमध्ये लेप्टोस्पायरोसिसचे नाव पहिले घ्यावे लागते. उंदीर, घुशी, गुरे आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत पसरतात आणि कुत्र्याच्या त्वचेवरच्या ओरखड्यांतून किंवा तोंडा-डोळ्यांच्या आतल्या नाजूक अस्तरातून शरीरात शिरतात. अतिवृष्टी आणि पुरानंतर हा धोका वाढतो. ताप, अंग दुखल्यासारखे अवघडून चालणे, खाण्यावरची वासना उडणे, पुढे उलट्या आणि कधी कावीळ असे त्याचे रूप असते. सगळ्या कुत्र्यांत ही सगळी लक्षणे नसतात, त्यामुळे मूत्रपिंड अचानक बिघडलेल्या प्रत्येक कुत्र्यात लेप्टोची शंका घेऊनच चालावे, असे मला वाटते. ज्यांचे निदान आशा देते अशा कारणांपैकी हे एक आहे, कारण योग्य प्रतिजैविक आणि सलाइन वेळेत मिळाल्यास यातले बहुसंख्य कुत्रे वाचतात. मात्र हा आजार माणसालाही होतो. शंका असलेल्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करावी, ती जागा जंतुनाशकाने धुवावी, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिच्यापासून दूर ठेवावे आणि घरात कोणाला ताप आल्यास आपल्या डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराची कल्पना द्यावी. लसीकरणाबाबत मतभेद होते, ते आता पुष्कळसे मिटले आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मतैक्य-निवेदनात सर्व कुत्र्यांना ही लस दरवर्षी द्यावी अशी शिफारस आहे. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात आणि दुसरी मात्रा चुकली तर संरक्षण अपुरे राहते, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते.

घरच्या माणसाने पाहायचे काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मलूलपणा, अन्नाकडे पाठ फिरवणे, उलट्या, जुलाब ही लक्षणे इतक्या आजारांत दिसतात, की त्यांच्यावरून एकट्याने काही ठरवता येत नाही. लघवीकडे मात्र प्रत्येकाला लक्ष ठेवता येते. निरोगी कुत्रा तासाला दर किलो वजनामागे साधारण १ ते २ मिलिलिटर लघवी तयार करतो. म्हणजे २० किलोंच्या कुत्र्याला दिवसभरात अर्धा ते एक लिटर लघवी व्हायला हवी. हे मोजत बसण्याची गरज नाही. कुत्र्याने शेवटची लघवी कधी केली, ती नेहमीएवढी होती का, तिचा रंग गडद, लालसर किंवा पाण्यासारखा होता का, एवढे सांगता आले तरी डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. काही कुत्र्यांत लघवी कमी होण्याऐवजी एकाएकी फार वाढते आणि ते सारखे पाणी पितात. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिणे केव्हाही तपासून घेण्यासारखे आहे. तोंडाला अमोनियासारखा उग्र दर्प येणे, हिरड्यांवर किंवा जिभेच्या कडेवर व्रण उठणे, पाठीत कमरेजवळ हात लावताच कळवळणे, अंग गार पडणे, झटके येणे ही उशिराची चिन्हे आहेत आणि त्यांची वाट पाहू नये. एक चिन्ह मात्र अगदी वेगळे आणि भयसूचक आहे. आजाराने कोरड्या पडलेल्या कुत्र्याचे हृदय जलद चालायला हवे. तसे न होता ते संथ लागत असेल, तर रक्तातले पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेल्याची शक्यता असते आणि तेव्हा मिनिटांचा हिशेब असतो.

वारंवार पाय उचलूनही थेंबच पडत असतील किंवा कुत्रा कुंथत असेल, तर बद्धकोष्ठ समजून रेचक देण्याची घाई करू नये. नर कुत्र्याच्या लिंगात हाड असते आणि त्या जागी मूत्रनलिका रुंदावू शकत नसल्यामुळे मुतखडा तिथेच अडकतो. वाट लवकर मोकळी झाली तर मूत्रपिंडे बहुधा पूर्ववत होतात, म्हणून ही अवस्था ओळखण्याला इतके महत्त्व आहे. माद्यांच्या बाबतीत माजानंतरच्या काही आठवड्यांत पाणी फार पिणे, सुस्ती आणि योनिमार्गातून स्राव असे दिसले, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. त्या आजारातही मूत्रपिंडे वेगाने बिघडतात आणि स्राव बाहेर दिसलाच पाहिजे असेही नाही.

कुत्र्याने काही विषारी खाल्ल्याचे कळले, तर पहिला फोन पशुवैद्यकाला करावा आणि त्यांना चार गोष्टी सांगाव्यात: काय खाल्ले, अंदाजे किती, किती वाजता आणि कुत्र्याचे वजन किती. वेष्टन, गोळ्यांची पट्टी, उरलेले अन्न किंवा ओकारीचा नमुना सोबत न्यावा. पोटातले काढून टाकण्यासाठी साधारण पहिले दोन तास महत्त्वाचे असतात, तरी त्यानंतरही जाण्यात अर्थ असतोच. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न कृपा करून कोणी करू नये. त्याने रक्तातले सोडियम एकाएकी चढून मेंदूला इजा होते आणि कुत्रा त्यानेच दगावू शकतो. गुंगीत असलेल्या, झोकांड्या खाणाऱ्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याला उलटी करवली, तर ओकारी फुप्फुसात जाते. रॉकेल, पेट्रोल, आम्ल किंवा दाहक द्रव पोटात गेला असेल, तरीही उलटी करवू नये. ओकणाऱ्या कुत्र्याला जबरदस्तीने पाणी पाजू नये, आणि पाणी पीत असेल तर ते तोडूही नये. उष्माघात झाला असेल, तर आधी जागच्या जागी पाण्याने आणि वाऱ्याने अंग थंड करावे, मग निघावे. अशा कुत्र्याची मूत्रपिंडे पुढचे दोन-तीन दिवस तपासत राहावी लागतात, हेही लक्षात असू द्यावे.

दवाखान्यात गेल्यावर सलाइन लावण्याआधी रक्ताबरोबर लघवीचाही नमुना घेतला जावा, असा आग्रह मालकाने जरूर धरावा. लघवीची घनता त्या एका क्षणी जे सांगते, ते सलाइन गेल्यावर सांगता येत नाही. रक्तात क्रिएटिनिन वाढलेले असूनही लघवी घट्ट असेल, म्हणजे तिची घनता १.०३०च्या वर असेल, तर मूत्रपिंडे अजून पाणी राखत आहेत आणि मूळ दोष बहुधा शरीर कोरडे पडण्यात आहे. ती १.००८ ते १.०१२च्या दरम्यान अडकली असेल, तर मूत्रपिंडांनाच इजा झाल्याचा संशय बळावतो. रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर दिसणे हीदेखील नलिका दुखावल्याची खूण आहे. सोनोग्राफीने मूत्रपिंडांचा आकार, खडे आणि अडथळे कळतात.

उपचारांविषयी एक समजूत अशी, की जितके सलाइन अधिक तितकी किडनी लवकर धुऊन निघते. कोरडेपणा भरून काढण्यासाठी सलाइन आवश्यकच असते. परंतु तो भरून निघाल्यावर, लघवी होत नसताना, आत ढकललेले पाणी फुप्फुसांत आणि ऊतींत साचते, सुजलेल्या मूत्रपिंडांवर आणखी दाब आणते आणि कुत्र्याचा श्वास कोंडतो. म्हणून अशा कुत्र्याचे वजन दिवसातून अनेकदा करावे लागते, कारण काही तासांत वाढलेले एक किलो म्हणजे अंगात साठलेले एक लिटर पाणी. मूत्रमार्गात नळी घालून दर काही तासांनी लघवी मोजावी लागते, रक्तदाब आणि पोटॅशियम पाहावे लागते, मळमळ आवरावी लागते आणि खाणे बंद असेल तर नाकातून किंवा अन्ननलिकेतून नळीने पोषण द्यावे लागते. सकाळी एक बाटली लावून संध्याकाळी घरी पाठवण्याने हा आजार बहुधा आटोक्यात येत नाही. ज्या दवाखान्यात रात्रभर देखरेख होऊ शकत नाही, तेथील डॉक्टरांनी वेळेवर दुसरीकडे पाठवले तर तो त्यांचा कमीपणा समजू नये. लघवी वाढवणारी औषधे दिल्याने लघवी वाढलेली दिसते, पण त्यामुळे मूत्रपिंडे लवकर बरी होतात असे सिद्ध झालेले नाही. या सगळ्याला दाद न देणाऱ्या कुत्र्यासाठी डायलिसिस हा मार्ग आहे. ती सोय मोजक्याच ठिकाणी असते, म्हणून तिचा विचार लघवी बंद झाल्यावर चौथ्या दिवशी करण्यापेक्षा पहिल्याच दिवशी बोलून ठेवावा.

या आजारात साधारणपणे निम्मे कुत्रे दगावतात, ही वस्तुस्थिती मी लपवणार नाही. जगलेल्यांपैकी काहींची मूत्रपिंडे पूर्ववत होतात आणि काहींना पुढे कायमचा किडनीचा आजार जडतो. तरीही केवळ क्रिएटिनिनचा मोठा आकडा पाहून ‘किडनी गेली’ असे सांगितले जाते आणि त्यावर कुत्र्याला कायमचे झोपवण्याचा निर्णय घेतला जातो, ते मला मान्य नाही. वर्षानुवर्षे झिजत आलेल्या मूत्रपिंडांत १० मिलिग्रॅमचा आकडा आणि कालपर्यंत धावणाऱ्या कुत्र्यात तीन दिवसांत चढलेला तोच आकडा यांचा अर्थ अगदी निराळा असतो. पहिल्यात कुत्रा सहसा खंगलेला, फिकट हिरड्यांचा आणि लहान मूत्रपिंडांचा असतो. दुसऱ्यात अंग भरलेले आणि मूत्रपिंडे नेहमीच्या आकाराची किंवा सुजलेली असतात आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येण्याची शक्यता शिल्लक असते. त्याला आठवडेही लागतात, कधी महिनेही. शिवाय अ‍ॅडिसन नावाचा एक आजार मूत्रपिंडे निकामी झाल्याचे हुबेहूब सोंग घेतो. त्यात मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरके (हार्मोन) कमी पडतात, सोडियम घसरते, पोटॅशियम चढते, क्रिएटिनिनही वाढते आणि लघवी पातळ असते. या कुत्र्यांना योग्य संप्रेरक मिळाले, की ते अल्पावधीत उभे राहतात आणि औषधावर पुढे वर्षानुवर्षे चांगले जगतात. तेव्हा शेवटचा निर्णय घेण्यापूर्वी अडथळा, लेप्टो आणि अ‍ॅडिसन या तिन्हींची शक्यता तपासली आहे का, एवढे मालकाने अवश्य विचारावे. आर्थिक मर्यादा असेल तर तीही मोकळेपणाने सांगावी; त्या मर्यादेत कोणत्या तपासण्या आधी कराव्यात, हे डॉक्टर ठरवू शकतात.

सुधारणेच्या टप्प्यावर कुत्र्याला खूप लघवी होऊ लागते, ती पाहून घरच्यांना हायसे वाटते आणि सुट्टीची घाई होते. त्या दिवसांत मूत्रपिंडांना पाणी राखता येत नसते आणि सलाइन एकदम बंद केले तर कुत्रा पुन्हा कोरडा पडून मूत्रपिंडांना दुसरा धक्का बसतो. सलाइन हळूहळूच कमी करावे लागते. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात, मग महिन्याभरात आणि त्यानंतर काही महिने रक्त, लघवीतली प्रथिने आणि रक्तदाब तपासत राहावे. पाणी सदैव भरलेले असावे, कोणतेही वेदनाशामक विचारल्याखेरीज देऊ नये आणि पुढे कधी भूल देण्याची वेळ आली तर हा आजार होऊन गेल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

आपणांस माझी विनंती अशी, की पाळीव प्राण्यांविषयीच्या आपल्या मजकुरात कुत्र्यांच्या विषबाधेची ही माहिती एकदा चौकटीत, कापून भिंतीवर लावता येईल अशी छापावी. तीत द्राक्षे, मनुका, चिंच, कूलंट, माणसांची वेदनाशामके, उंदरांचे औषध आणि त्वचेची मलमे यांची नावे असावीत, कुत्रा बरा दिसत असला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे हे स्पष्ट लिहिलेले असावे आणि वाचकांना आपल्या नेहमीच्या पशुवैद्यकाचा व रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक लिहिण्यासाठी खाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात.

कळावे,
आपली विश्वासू,
एक पशुवैद्यक